लक्ष कुठंय तुझं

आमच्या घरात एक प्रश्न दिवसातून दहा वेळा तरी विचारला जायचा, आणि तो नेहमी एकाच माणसाला. आई स्टोव्हला पंप मारता मारता विचारायची, अण्णा वर्तमानपत्राआडून विचारायचे, शेजारच्या सावित्रम्मा तेलुगूतून विचारायच्या, आणि मामा आला की तो सगळ्यांच्या वतीनं मोठ्या आवाजात विचारायचा. सुलू, लक्ष कुठंय तुझं? सुलू म्हणजे माझी थोरली बहीण सुलभा, माझी अक्का. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती काही उत्तर द्यायची नाही, हातातलं काम तसंच धरून बसायची, आणि त्या गप्प बसण्याचाही तिच्यावर वेगळा आरोप व्हायचा. आज साठी ओलांडून मी हे लिहायला बसले, तर सगळ्यांत आधी तो प्रश्न कानात येतो आणि त्याच्या मागोमाग राग येतो. एवढ्या वर्षांत तो निवळायला हवा होता, असं माझी मुलगी म्हणते. ती इथंच हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला मराठी छान बोलता येतं, पण वाचायला बसली की एका पानाला अर्धा तास लावते. तिला त्यासाठी कुणी कधी काही बोललं नाही. माझ्या अक्काला बोलले.

आम्ही तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढं जाळीचा व्हरांडा, मागं शेवग्याचं झाड. अण्णा रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. पुलांचे नकाशे काढून काढून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायमचा घट्टा पडलेला होता. मूळचे आम्ही परभणीकडचे, शेतीवाले. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले आणि अण्णा नोकरीपायी इथले झाले. घरात मराठी, दारात आलेल्या भाजीवाल्याशी दखनी आणि सावित्रम्मांशी मोडकी तेलुगू, अशा तीन बोलींवर आमचं चालायचं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई भाकऱ्या थापायला बसायची. अंबाडीची भाजी, येसराची आमटी, लसणाची लाल चटणी, रविवारी चिंचेची खट्टी दाळ. सावित्रम्मांकडून केळीच्या पानात बांधून पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, यायचा. बाजूच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे तो दणका, पंख्याची खरखर, शेजारचा रेडिओ, दुपारची अजान, हे सगळं आमच्या कानावर पडायचं आणि ऐकू यायचं नाही. सवयीनं ते भिंतीत जिरून जायचं. अक्काच्या बाबतीत ते जिरणं बंद झालं होतं, हे मला फार नंतर कळलं. एकदा ती मला म्हणाली होती की भोंगा, पंखा, आईचा आवाज आणि तुझं पुस्तकाचं पान उलटणं, हे सगळे माझ्यापासून सारख्याच अंतरावर उभे असतात गं, कुणी मागं सरकतच नाही.

आधी ती अशी नव्हती, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी ती पहिल्यापासूनच तशी असल्याच्या गोष्टी रचल्या. ती बीएस्सीला होती, रसायनशास्त्रात पहिली यायची. सुईत दोरा ओवायला आई तिलाच हाक मारायची. वहीत बेंझिनचा षटकोन ती पट्टीशिवाय असा काढायची की अण्णा, ज्यांचं आयुष्य रेषांत गेलं, ते वही दिव्याखाली धरून बघायचे आणि मग परत द्यायचे. त्यांच्याकडून एवढं खूप होतं.

मग दुसऱ्या वर्षात कधीतरी तिला डाळ निवडता येईना. ऐकायला ही गोष्ट किती बारीक वाटते. आई तुरीची डाळ ताटात ओतून तिच्यापुढं ठेवायची, अर्ध्या तासानं ताट उचलायची, तर खडे तिथंच. अण्णांच्या दाताखाली एकदा खडा आला आणि जेवण तिथंच थांबलं. आईनं तिला इतकं सुनावलं की सावित्रम्मा जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. अक्का म्हणाली, "आई, सगळं सारखंच दिसायलंय. कुठला खडा आणि कुठली डाळ, ते वेगळं होऊन पुढं येईना." आई म्हणाली, मन लावलं की सगळं दिसतं. पुढं तिला मोठा रस्ता ओलांडता येईना. तिला बस दिसायची लांब, आणि मग एकदम अंगाशी. मधली येणारी बस तिला सापडायचीच नाही. ती फुटपाथच्या कडेला उभी राहायची, वीस वीस मिनिटं, आणि गल्लीतले लोक तिच्या उभं राहण्याचे भलतेच अर्थ लावायचे. मामा हसला तरी तिला तो रागावलाय असं वाटायचं. ती त्याच्या चेहऱ्याकडं पाहत राहायची, कधी नाकाकडं, कधी दातांकडं, आणि मामा म्हणायचा, ही पोरगी आगाऊ झाली आहे, मोठ्यांकडं टक लावून बघते.

त्यानंतर आवाज आले. ते इतरांना ऐकू न येणारे आवाज होते आणि ते तिला वाईटसाईट बोलायचे. ते दिवस मी इथं लिहिणार नाही, ते तिचे आहेत. एवढंच सांगते की अण्णांनी तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं, ती दीड महिना तिथं राहिली, आणि परत आली तेव्हा आमच्या घरात एक नवा शब्द आला होता. स्किझोफ्रेनिया. अण्णांनी तो मला वहीवर लिहून दाखवला आणि मग ते पान फाडून टाकलं. बाहेर सांगायला आम्ही टायफॉइड ठरवला होता. गल्लीनं टायफॉइडवर विश्वास ठेवला नाही. तिला दखनीतला एक शब्द चिकटवला, हौली. म्हणजे डोक्यानं हलकी. मुलं तो शब्द गाण्यासारखा म्हणत जायची.

गोळ्यांनी आवाज बरेच खाली बसले, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण बघणं काही नीट झालं नाही. पुस्तक उघडलं की तिचे डोळे पानावर भिरभिरायचे आणि ती पुस्तक मिटून ठेवायची. तिनं डॉक्टरांना सांगितलं की अक्षरं एका जागी थांबत नाहीत. ते वयस्कर डॉक्टर अण्णांकडं वळून म्हणाले की या औषधांनी नजर थोडी धूसर होते, चालायचंच. अक्का म्हणाली की हे औषधाच्या आधीपासून आहे, डाळ निवडता येत नव्हती तेव्हापासून. डॉक्टरांनी तोपर्यंत पुढच्या पेशंटचा कागद ओढला होता. मी तिथं बाकावर बसले होते. तिनं वाक्य पुरं केलं, ते कुणीच घेतलं नाही, आणि ती पदर सारखा करून उठली. तिच्या आजाराबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्या खोलीत तिलाच होती, आणि तेवढी एक सोडून बाकी सगळ्यांचं तिथं ऐकलं जात होतं.

मी तेव्हा चौदा वर्षांची. एका संध्याकाळी व्हरांड्यात बसून आम्ही मिरची भजी खात होतो. भजी ज्या कागदात बांधून आली होती, तो इंग्रजी वर्तमानपत्राचा फाटका तुकडा होता, जेमतेम चार ओळींचा. अक्कानं तो उचलला आणि सहज वाचला. कुठल्याशा धरणाची बातमी होती. अडखळली नाही, थांबली नाही. मी आत जाऊन अख्खं वर्तमानपत्र आणलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं मान वळवली. मग मी माझे दोन्ही तळवे पानावर ठेवले आणि मधे एक ओळ मोकळी सोडली. ती वाचू लागली. मी हात खाली सरकवला, तिनं पुढची ओळ वाचली. असं करत आम्ही अर्धा रकाना वाचला आणि माझे हात शाईनं काळे झाले.

"अख्खं पान एकदम अंगावर येतं गं," ती म्हणाली. "सगळ्या ओळी एकाच वेळी बोलायल्यात असं. तू बाकीच्यांना गप्प केलंस."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या ड्रॉइंगच्या पेटीतलं ब्लेड घेतलं, सावित्रम्मांच्या मुलीच्या लग्नाची जाड पत्रिका घेतली, तिला काळा कागद चिकटवला आणि मधोमध एका ओळीपुरती खाच कापली. दोनदा वाकडी गेली, तिसऱ्यांदा सरळ आली. मागच्या बाजूला मी पेननं लिहिलं, "अक्का, घाई नको." हे शब्द लिहिले नसते तर, असं मी पुढं कितीतरी वर्षं म्हणत आले.

त्या हिवाळ्यात अक्कानं तिसऱ्या वर्षाचा सगळा अभ्यास पुरा केला. दुपारी आई भांडी घासून आडवी झाली की आम्ही मागच्या दारात शेवग्याखाली सतरंजी टाकायचो. ती पत्रिका पानावर ठेवून ओळ ओळ खाली सरकायची आणि वाचलेलं मला समजावून सांगायची. नववीतल्या पोरीला सेंद्रिय रसायनशास्त्र. मला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण तिला सांगताना कळत होतं हे मला दिसायचं. आम्ही सीताफळं खायचो आणि बिया एका वाटीत टाकायचो. तिचे हात औषधानं थोडे थरथरायचे, तरी ती चित्रं काढायची. षटकोन आता जरा तिरके यायचे. अण्णांनी एक दिवस ऑफिसातून लवकर येऊन आम्हाला तसं पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी परीक्षेचा फॉर्म आणून तिच्यापुढं ठेवला. मामाचं म्हणणं होतं की कशाला उगाच, परीक्षेत काही झालं तर चारचौघांत बोभाटा होईल आणि मागं धाकटीचंही लग्न आहे. धाकटी म्हणजे मी. अण्णांनी फॉर्मवर सही केली.

पहिले दोन पेपर चांगले गेले. तिसऱ्याला पर्यवेक्षिका बदलली. ही बाई बाकांमधून फिरत आली आणि तिला प्रश्नपत्रिकेवर काळं कार्ड सरकवणारी मुलगी दिसली. तिनं कार्ड उचललं, उलटं केलं, आणि मागं देवनागरीत लिहिलेलं पाहिलं. पुढचं अक्कानं घरी येऊन जसं सांगितलं तसं सांगते. बाईनं कार्ड सगळ्या हॉलला दिसेल असं वर धरलं. अक्का समजावायला उठली, तर तिला खाली बसवलं. मग तिच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि हॉल तिकीट काढून घेतलं. त्या वेळी तिचे अजून दोन प्रश्न राहिले होते, आणि ते दोन्ही तिला येत होते. ही गोष्ट तिनं तीन वेळा सांगितली. दोन्ही येत होते.

कॉलेजची कॉपीबद्दल चौकशी करणारी समिती होती, तिला सगळे मालप्रॅक्टिस कमिटी म्हणायचे. तिच्यापुढं हजर व्हायचं पत्र आलं. मामा धावत आला. त्याचा सल्ला असा की आजाराचं नावही काढायचं नाही, डोळे अधू आहेत म्हणून सांगायचं, डोळ्यांना कुणी नावं ठेवत नाही. अण्णांना तो पटला, कारण तो सोपा होता. त्यांनी कमिटीला तसं लिहून दिलं. कमिटीनं उलट टपाली डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला मागितला. अक्का खुर्चीत बसली, समोरच्या पाटीवरची अक्षरं डॉक्टरांनी काठीनं एकेक करून दाखवली, आणि एकेक अक्षर तर तिला लख्ख दिसायचं. शेवटची ओळसुद्धा तिनं वाचली. दाखला मिळाला की दोन्ही डोळे उत्तम आहेत. आमच्याच हातानं आम्ही तो कमिटीपुढं नेला.

मी हट्टानं बरोबर गेले, कारण कार्ड मी केलं होतं. लांब टेबलामागं तिघं होते. अध्यक्ष मधे बसून संत्रं सोलत होते. सगळी चौकशी होईपर्यंत ते एकेक फोड खात होते आणि त्या खोलीत संत्र्याचा वास कोंडला होता. त्यांच्या डावीकडं हिंदीचे एक प्राध्यापक होते आणि उजवीकडं एक बाई, रसायनशास्त्राच्याच, अक्काला दोन वर्षं शिकवलेल्या. हिंदीच्या प्राध्यापकांकडं कार्ड वाचायचं काम होतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले की नको म्हणजे आपला नक्को, ते समजलं, पण घाई म्हणजे काय? कुठला प्रश्न नक्को असं हिला कुणी कळवलंय? हा घ कशाची खूण आहे? मी सांगितलं की घाई म्हणजे जल्दी, जल्दी नक्को करो, असं मी माझ्या बहिणीला लिहिलंय. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू खोटं बोलायलाही हिला नीट जमत नाही. चार लाख मराठी माणसं ज्या शहरात असतील त्या शहरात एका साध्या शब्दाचा अर्थ बाहेर जाऊन शिपायाला विचारावा, एवढेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

अध्यक्षांनी दाखला वाचला. म्हणाले, डोळे तर माझ्याहून चांगले आहेत, मग हे कार्ड कशाला?

अण्णा उभेच होते, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. ते जसं आपला हुद्दा आणि खातं सांगायचे तशाच आवाजात म्हणाले, "साहेब, मेरी बेटी को स्किझोफ्रेनिया है. आँख का झूठ मैंने लिखा. वो उसका नहीं है."

बाई एकदम वर पाहू लागल्या. हिंदीच्या प्राध्यापकांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं, आणि अध्यक्षांनी ते पेन्सिलीच्या टोकानं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ढकललं. बोट लावलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी अक्काला विचारलं, तिला स्वतःला तोपर्यंत कुणी काही विचारलं नव्हतं, की कार्डानं काय होतं.

अक्का म्हणाली, "सर, पूरा सफा एकदम आता. एक लाइन अलग होतीच नहीं. ये रखे तो होती."

किती साफ सांगितलं होतं तिनं. मी पुढं चाळीसेक वर्षं शाळेत शिकवलं, पण एखादी अडचण इतक्या थोड्या शब्दांत कुणी मला सांगितल्याचं आठवत नाही. अध्यक्ष म्हणाले, "ध्यान देना सीखो, बेटा." आणि मग अण्णांना म्हणाले की अशा मुलीला डिग्री घेऊन करायचंय तरी काय, तुम्ही शिकलेले दिसता, तिला घरी सांभाळा.

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी टेबलावरचा कॉलेजचा वार्षिक अंक उचलला, मधलं पान उघडलं, तिथलेच दोन कोरे कागद घेतले, आणि अक्कापुढं धरून मधली एक ओळ मोकळी ठेवली. अक्कानं वाचलं. मी कागद सरकवले, तिनं पुढची ओळ वाचली. मग मी दोन्ही कागद काढून घेतले, आणि ती थांबली. तिचे डोळे पानावरून घसरताना त्या रसायनशास्त्राच्या बाईंनी पाहिले. मी त्यांच्याकडंच बघत होते. त्यांना समजलं होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"ये सर्कस नहीं है," अध्यक्ष म्हणाले आणि अंक माझ्या हातून काढून घेतला. बाईंनी तोंड मिटलं. कागद फिरत त्यांच्यापुढं आला तेव्हा त्यांनी सही केली.

अध्यक्षांना मी अडाणी म्हणून सोडून देऊ शकते. हिंदीच्या प्राध्यापकांना आळशी म्हणून. त्या बाईंना काय म्हणून सोडू? त्यांना दिसलं होतं. पुढं मी स्वतः शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले, मुख्याध्यापकांपुढं मान खाली घालणाऱ्या बायका पाहिल्या, एकदोनदा मीही घातली. तेव्हा त्यांची भीती मला कळली. राग कमी झाला नाही.

निकाल टपालानं आला. त्या वर्षीचे तिन्ही पेपर रद्द आणि पुढच्या दोन परीक्षांना बसायची बंदी. अक्कानं गोळ्या घेणं सोडलं, आवाज परत आले, आणि ती पुन्हा तीन महिने इस्पितळात होती. मामा येऊन म्हणाला की मी आधीच सांगत होतो. अण्णांनी त्याला शांतपणे दार दाखवलं, तो वर्षभर आला नाही. पण अण्णांच्या मनातून ते डोळ्यांचं खोटं गेलं नाही. पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं तर, असं ते शेवटपर्यंत मधूनच, जेवता जेवता, म्हणायचे. मी माझ्या "घाई नको"ला घेऊन बसले होते. अक्कानं एकदा आम्हा दोघांनाही ऐकवलं की तुम्ही दोघं उगाच आपसात वाटून घेताय, त्यांना नाही म्हणायला काहीही चाललं असतं.

आईनं मात्र त्यानंतर तो प्रश्न विचारणं बंद केलं. क्षमा वगैरे मागायची आमच्या घरात रीत नव्हती. तिनं एवढंच केलं की अक्काच्या ताटात एका वेळी एकच पदार्थ वाढू लागली. आधी भाकरी आणि भाजी, ते संपलं की आमटी, मग भात. स्वतः शेजारी बसून राहायची, अक्काचं जेवण होईपर्यंत. बोलायची नाही, भांडं वाजवायची नाही. आई वारली तोवर हे चाललं.

अक्का पदवीधर झाली नाही. बंदी संपली तेव्हा फॉर्म आणायला अण्णा तयार होते, ती नाही म्हणाली. पुढं आम्ही विद्यानगरला राहायला गेलो आणि तिथं तिच्याकडं शेजारची एक मुलगी रसायनशास्त्र विचारायला आली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. अक्का भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून बसायची. मुलींनी गणित मोठ्यानं वाचायचं, एकीनंच, बाकीच्यांनी गप्प राहायचं, आणि अक्कानं ते तोंडी सोडवायचं. आवाज वाढलेले असले की ती दार लावून घ्यायची आणि मुली दुसऱ्या दिवशी यायच्या. त्यांना ते ठाऊक होतं, त्या घाबरायच्या नाहीत. तिच्या हाताखालून दोन डॉक्टर झाल्या, एक औषधांच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहे. पण एकदा दिलसुखनगरहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि विचारलं की बाईंचं शिक्षण काय. अक्कानं खरं सांगितलं. ते मुलीला घेऊन गेले. जाताना जिन्यात म्हणाले की निदान बोर्डावर लिहायला तरी काही हवं ना. अक्कानं त्या दिवशी शिकवणी घेतली नाही.

आता ती सत्तरीकडं झुकली आहे आणि माझ्याकडंच असते. मोबाइलवर अक्षर मोठं करून, एका वेळी तीन-चार शब्द येतील असं, ती दिवसभर वाचत असते. गेल्या वर्षी तिचे जुने डॉक्टर थकले म्हणून आम्ही नव्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण मुलगी, माझ्या मुलीहून लहान. तिनं गोळ्यांबद्दल विचारलं, झोपेबद्दल विचारलं, आणि मग पेन खाली ठेवून म्हणाली, "अम्मा, मीकु एला कनिपिस्तुंदी?" तुम्हाला दिसतं कसं? मी खुर्चीत ताठ झाले. इतक्या वर्षांत इतके पांढरे कोट झाले, हे कुणी विचारलं नव्हतं. अक्कानं आधी माझ्याकडं पाहिलं, खात्री करायला, आणि मग ती बोलू लागली. डाळ, बस, मामाचं तोंड, पान, कार्ड, कमिटी. अर्धा तास बोलली. डॉक्टरांनी तिला मधे तोडलं नाही. नंतर पडद्यावर हलते ठिपके दाखवले, कुठल्या बाजूला सरकतात विचारलं, रेघांच्या गर्दीतून आकार शोधायला लावला. अक्काला त्यातले थोडेच सापडले. डॉक्टर म्हणाल्या की हे या आजारातच असतं, पुष्कळांना असतं. डोळे चांगले असतात, डोळ्यांनी आणलेलं मेंदूत नीट जुळत नाही, नको ते बाजूला सारलं जात नाही. यात लक्ष न देण्याचा, आळसाचा काही संबंध नाही. थोडा सराव देता येईल, पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. त्या हे अगदी साधेपणानं बोलल्या. मला त्या मुलीला नमस्कार करावासा वाटत होता आणि त्याच वेळी कुणालातरी कॉलर धरून त्या खोलीत ओढून आणावंसं वाटत होतं.

अक्कानं विचारलं, "हे लिहून द्याल?"

डॉक्टर म्हणाल्या, देते की. त्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत सात-आठ ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. तारखेच्या जागी पेन टेकवलं, तेव्हा अक्का म्हणाली, "आजची नको. कमिटीपुढं उभी होते, त्या दिवसाची घाला."

डॉक्टरांना वाटलं अम्मा गंमत करतात. त्या हसल्या, आणि अक्काचा चेहरा पाहून थांबल्या. मग हळूच म्हणाल्या की अम्मा, तसं नाही करता येत.

"मग राहू द्या," अक्का म्हणाली. ती उठली, पिशवी घेतली, आणि तिथल्या एकसारख्या दारांतून बाहेरचं दार कुठलं ते सापडेपर्यंत उभी राहिली. डॉक्टरांनी तो कागद माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही.